फादर थॉमस स्टीफन्स : चरित्र आणि बोध



महोत्सवाचा प्रसंग म्हणजे मागें वळून पाहण्याचा प्रसंग. ज्यांनीं आपल्या देवळाचा पाया घातला, ज्यांनीं डोक्यावरून विटा वाहिल्या, ज्यांनीं पहिल्या मिस्सेची घंटा वाजविली, त्यांचें स्मरण या पुस्तिकेच्या इतर पानांवर योग्य रीतीनें झालेंच आहे. परंतु आपल्या देवळाच्या भिंतींहूनही जुना असा आपला एक ठेवा आहे. ज्या भाषेंत आपण देवाला हांक मारतों, ती आपली मायबोली हाच तो ठेवा होय. या भाषेंत ख्रिस्ताचें चरित्र ज्यांनीं मोठ्या विस्तारानें व प्रेमानें गाइलें, ते पुरुष मराठी आईच्या पोटीं जन्मले नव्हते. ते इंग्लंडांत जन्मले व गोव्याच्या मातींत विसांवले. त्यांचें नांव फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचें चरित्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं ओझरतें ऐकलें असेल. आज तें थोडें सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडच्या विल्टशर परगण्यांतील बुश्टन या खेड्यांत सुमारें १५४९ सालीं झाला. त्यांच्या वडिलांचेंही नांव थॉमस असेंच होतें. तो काळ इंग्लंडांतील कॅथॉलिक लोकांना फार कठीण होता. एलिझाबेथ राणी १५५८ सालीं गादीवर आली आणि पुढच्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें मिस्सा करणें बंद झालें. जे जुन्या श्रद्धेला चिकटून राहिले, त्यांना दंड, तुरुंग व पुढें पुढें फांशीही भोगावी लागली. अशा दिवसांत तरुण स्टीफन्स यांची थॉमस पाउंड नांवाच्या एका श्रीमंत कॅथॉलिक गृहस्थाशीं मैत्री जडली. दोघांनाही येशूसंघांत प्रवेश करण्याची ओढ होती. लोकांचा संशय येऊं नये म्हणून स्टीफन्स पाउंड यांच्याजवळ चाकराच्या वेषांत राहात आणि दोघे मिळून रोमला निघून जाण्याची तयारी करीत. पण निघण्याच्या सुमारास पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याचीं जवळजवळ तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले. तेथें २० ऑक्टोबर १५७५ रोजीं त्यांनीं येशूसंघाच्या नवदीक्षितगृहांत प्रवेश केला. बंदींत पडलेल्या मित्राला ते विसरले नाहींत. पाउंड यांना तुरुंगांत असतांनाच संघांत सामील करून घ्यावें, अशी विनंती त्यांनीं वरिष्ठांना केली व ती मान्य झाली. थोर माणसाची पारख त्याच्या ग्रंथांआधीं त्याच्या मैत्रींत होते, ती अशी.

पवित्र फ्रान्सिस झेवियर १५५२ सालीं स्वर्गवासी झाले होते. पूर्वेकडून त्यांनीं पाठविलेलीं पत्रें यूरोपांतील विद्यालयांत मोठ्या आवडीनें वाचलीं जात आणि ज्या तरुणांच्या मनांत हिंदुस्थानाची ओढ त्यामुळें उत्पन्न झाली, त्यांची संख्या थोडी नव्हती. स्टीफन्स यांनींही याच मार्गानें जाण्याची परवानगी मागितली. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनच्या बंदरांतून पांच गलबतें गोव्याकडे निघालीं. त्यांतील एकावर ते होते. तो प्रवास साडेसहा महिन्यांहून अधिक चालला. ताजें अन्न नसल्यामुळें खलाशांच्या व उतारूंच्या हिरड्या सुजत, पाय सुजत, सर्वांग दुखूं लागे. त्यांच्या गलबतावर १५० हून अधिक माणसें आजारी पडलीं व २७ मेलीं. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास उतरले. थोड्याच दिवसांनीं, १० नोव्हेंबरला, त्यांनीं आपल्या वडिलांना या प्रवासाचें सविस्तर पत्र लिहिलें. समुद्राचे वारे, आकाशांतील तारे, पक्षी, मासे, दिशा ओळखण्याची रीत, असें सर्व कांहीं त्यांत आलें आहे. हें पत्र पुढें १५८९ सालीं हॅक्लुइट यांच्या सागरप्रवासांच्या संग्रहांत छापलें गेलें. हिंदुस्थानांत येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार ज्यांचें नांव सांगतात, ते हे. ते व्यापारासाठीं आले नाहींत, राज्य कमावण्यासाठींही आले नाहींत. आणि घरीं परत गेलेच नाहींत.

गोव्यांत गुरुदीक्षा झाल्यावर त्यांची नेमणूक साष्टी प्रांतांत झाली. येथें साष्टी म्हणजे मुंबईजवळची नव्हे, तर मडगांव, रायतूर, कुंकळ्ळी हीं गांवें ज्यांत येतात ती गोव्याची साष्टी होय. लोक त्यांना पोर्तुगीज रीतीनें पाद्री एस्तेव्हांव म्हणत. आयुष्याचीं पुढचीं सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं बहुतेक याच भागांत काढलीं व तेथील येशूसंघीय महाविद्यालयाचे ते कांहीं काळ प्रमुखही होते.

त्या काळाविषयीं खरें तें सांगितलें पाहिजे. साष्टींतील देवळें पोर्तुगीज सत्तेनें पाडलीं होतीं आणि गांवकऱ्यांच्या मनांत त्याचा दाह होता. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें फादर रुदोल्फ आक्वाव्हिव्हा व त्यांचे चार संघबंधू यांना गांवच्या लोकांनीं ठार मारलें. हे रुदोल्फ अकबर बादशहाच्या दरबारांत राहून नुकतेच परत आले होते. या पांच जणांना १८९३ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं धन्यवादित म्हणून घोषित केलें. परंतु त्या हत्येनंतर राज्यकर्त्यांनीं गांवच्या प्रमुखांनाही ठार केलें, हेंही इतिहासांत नमूद आहे. दोन्ही बाजूंनीं रक्त सांडलें. स्टीफन्स हे त्या मृतांचे सहकारी होते. ज्या भूमींत हें घडलें, त्याच भूमींत त्यांना पुढें राहावयाचें होतें. त्या कडवटपणाच्या मधोमध राहून त्यांनीं जें काम हातीं घेतलें तें तलवारीचें नव्हतें. तें होतें या लोकांची भाषा शिकण्याचें.

ही भाषा ते विद्यार्थ्याच्या नम्रतेनें शिकले. लोकांच्या घरांत बोलली जाणारी कोंकणी त्यांनीं आत्मसात केली आणि पुराणें व पोथ्या ज्या ग्रंथभाषेंत होत्या, ती मराठीही आत्मसात केली. १५८३ सालीं आपले बंधू रिचर्ड यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं एक मोठी मार्मिक गोष्ट नोंदविली. हिंदुस्थानांतील या भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळती आहे, असें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास हाच विचार १७८६ सालीं विद्वानांपुढें मांडला व तो जगभर गाजला. तो त्याआधीं दोनशें वर्षें साष्टींतील एका पाद्र्याच्या लक्षांत आलेला होता. ज्याला भाषा केवळ काम चालविण्यापुरती हवी असते, त्याला असें कांहीं दिसत नाहीं. ज्याला भाषा प्रिय असते त्यालाच तिचीं नातींगोतीं दिसतात.

त्याच वर्षाच्या अखेरीस घडलेला एक प्रसंग येथें सांगण्याजोगा आहे. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे दोन सोबती, असे चार इंग्रज होर्मुझ येथें पकडले जाऊन कैदी म्हणून गोव्यास आणले गेले. ज्या राजवटीनें स्टीफन्स यांच्या मित्राला तुरुंगांत टाकलें होतें, तिचेच हे प्रजाजन. तरीही स्टीफन्स त्यांच्यासाठीं धांवून गेले व त्यांची जामिनावर सुटका व्हावी म्हणून त्यांनीं खटपट केली. स्वदेश सोडतांना त्यांनीं स्वदेशाविषयींचा राग मात्र बरोबर आणला नव्हता.

आतां त्यांच्या मुख्य कार्याकडे वळूं. साष्टींतील नवे ख्रिस्ती लोक रविवारीं धर्मशिक्षणाला येत, प्रार्थना पाठ करीत. पण त्यांच्या वाडवडिलांच्या घरीं सायंकाळीं जीं पुराणें वाचलीं जात, ओव्या गाइल्या जात, त्यांची जागा रिकामी पडली होती. ग्रंथाच्या आरंभींच स्टीफन्स यांनीं असा प्रसंग रंगविला आहे कीं, एक ब्राह्मण श्रोता पाद्रींजवळ हीच उणीव बोलून दाखवितो. आम्हांस वाचावयास व ऐकावयास आमच्या भाषेंत एखादें पुराण असावें अशी इच्छा तो प्रकट करितो. या मागणींतून ग्रंथ जन्माला आला. लोकांना काय द्यावें हें ठरविण्यापूर्वीं लोक काय मागतात हें फादर स्टीफन्स यांनीं ऐकून घेतलें, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंनीं विशेष ध्यानांत ठेवावी अशी आहे.

ओवी ही आपल्या मराठीची फार जुनी लेक. सुमारें १२९० सालीं ज्ञानेश्वरी याच छंदांत अवतरली. एकनाथ महाराजांनीं पैठणास १५९९ सालीं देह ठेविला, म्हणजे ते आणि स्टीफन्स समकालीन होत. या थोर परंपरेंतील छंद स्टीफन्स यांनीं उचलला आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यांत जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या करारांतील कथा ३६ अवस्वरांत येतात. दुसऱ्यांत प्रभु येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान ५९ अवस्वरांत सांगितलें आहे. अवस्वर म्हणजे अध्याय. त्यांनीं परमेश्वर, पुराण, वैकुंठ हे शब्द परके मानले नाहींत. लोकांच्या जिभेवर जे पवित्र शब्द होते, त्यांतच त्यांनीं नवी कथा गुंफिली. आणि आरंभीं मराठी भाषेची जी स्तुति त्यांनीं केली, तींत फुलांतील, सुवासांतील, पक्ष्यांतील, वृक्षांतील जें जें श्रेष्ठ, त्याची उपमा त्यांनीं आपल्या मायबोलीला दिली. परक्या देशांतील माणसानें आपल्या भाषेची इतकी मनमोकळी स्तुति करावी आणि ती वाचून आपला ऊर भरून यावा, असा हा योग आहे.

हा ग्रंथ देशी अक्षरांत छापावा अशी त्यांची फार वर्षांची उत्कंठा होती. १६०८ सालीं रोमला आपल्या वरिष्ठांस लिहितांना त्यांनीं त्यांतली अडचणही सांगितली. यूरोपांत चोवीस अक्षरांचे सांचे पुरतात. इकडच्या जोडाक्षरांसाठीं सहाशें सांचे पाडावे लागतील, आणि तें कोणास साधेना. अखेरीस ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला. रायतूर येथील छापखान्यांतून १६१६ सालीं तो बाहेर पडला. गोव्यास उतरल्याला तेव्हां ३७ वर्षें झालीं होतीं आणि स्टीफन्स यांचें वय सदुसष्टाच्या आसपास होतें. तीनच वर्षांनीं, १६१९ सालीं, त्यांनीं गोव्याच्या भूमींतच देह ठेविला. कोंकणींतील त्यांची ख्रिस्ती शिकवण गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपानें १६२२ सालीं छापली गेली. त्यांनीं लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण, इतर संघबंधूंनीं भर घालून, १६४० सालीं रायतूरहून प्रसिद्ध झालें. कोंकणीचें पहिलें छापील व्याकरण तें हेंच. हीं दोन्ही पुस्तकें पाहण्यास ग्रंथकर्ता जिवंत नव्हता.

येथें एखाद्याला वाटेल कीं चरित्र संपलें. परंतु मला जें सांगावयाचें आहे तें येथूनच सुरू होतें.

ख्रिस्तपुराणाच्या पुढें १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मग वारे फिरले. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें असा हुकूम काढला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली बोली टाकून पोर्तुगीज भाषाच वापरावी. ज्या भाषेसाठीं एका पाद्र्यानें आयुष्य वेंचलें होतें, ती ख्रिस्ती राज्यकर्त्यांनींच दूर लोटली. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज कोठें असल्याचें माहीत नाहीं. छापखान्यानें जें दिलें होतें, तें काळानें सर्व नेलें.

मग पुराण वांचलें कसें? तें वांचविलें सामान्य लोकांनीं. गोव्यांतून जीं ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस कानडा मुलुखांत, मंगळुराकडे, जाऊन राहिलीं, त्यांनीं हें पुराण बरोबर नेलें. कोणी बोरूनें त्याच्या नकला उतरल्या, कोणी पाठ केलें, उपवासकाळांत घरोघरीं तें गाइलें गेलें. टिपू सुलतानानें १७८४ सालीं त्या लोकांना धरून श्रीरंगपट्टणास नेलें व तो बंदिवास १७९९ पर्यंत चालला. त्या दुःखाच्या वर्षांतही याच ओव्यांनीं त्यांना धीर दिला, अशी त्यांच्यांत परंपरा सांगतात. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्डाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास पुराणाची छापील आवृत्ति काढली. पुढें लंडनमधील एका संग्रहांत देवनागरींत लिहिलेली पोथीही अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांना आढळली. आणि १९५६ सालीं पुण्याहून प्राध्यापक शांताराम बंडेलू यांनीं सबंध ग्रंथ देवनागरींत प्रसिद्ध केला. सहाशें सांच्यांची जी अडचण स्टीफन्स यांना आयुष्यभर सलत राहिली, ती त्यांच्या मरणानंतर ३३७ वर्षांनीं अशी दूर झाली. आणि ती दूर करणारा विद्वान हिंदु होता, हेंही कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे.

नकला करणाऱ्या त्या सर्व हातांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. ते कोणी मोठे पंडित नव्हते. दिवसभर शेतांत खपून रात्रीं दिव्याच्या उजेडांत ओळीमागून ओळ उतरणारे ते आपल्यासारखेच धर्मग्रामस्थ होते. थोर पुरुष बीं पेरतो; पण पीक राखणारे हात निराळे असतात. स्टीफन्स यांची थोरवी ग्रंथ लिहिण्यांत आहे. तो ग्रंथ आज आपल्या हातीं आहे याचें श्रेय मात्र त्या अनामिकांचें आहे.

माझ्या स्वतःच्या उणिवेचीही एक गोष्ट येथें कबूल करितों. गुरुदीक्षा होऊन मला वर्षही झालें नव्हतें. एका रविवारीं मीं ईश्वरी कृपेवर प्रवचन केलें. सेमिनरींत शिकलेलें सारें शास्त्र त्यांत ओतलें होतें आणि जड जड शब्द निवडून योजिले होते. मिस्सेनंतर एक वृद्ध आजी दारांत माझी वाट पाहात उभी होती. ती मोठ्या आदरानें हात जोडून म्हणाली कीं, फादर, प्रवचन फार चांगलें झालें, मात्र कशाविषयीं झालें तें मला कोणी सांगेल काय? तिच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारीत होती. मीं समजावून सांगूं लागलों, आणि तिच्या घरांतला, तिच्या चुलीजवळचा एकही शब्द मला सुचेना. मराठी माझी मायबोली. तरी त्या दिवशीं मी तिच्यापुढें परदेशी ठरलों. विल्टशरहून आलेला माणूस मात्र साष्टीच्या आजींना त्यांच्याच शब्दांत वैकुंठाची वाट दाखवून गेला. त्या दिवसापासून प्रवचन लिहितांना मी ती आजी समोर बसली आहे असें मानतों. किती साधतें हें आपणच जाणतां.

आणि आतां आपल्या सर्वांविषयीं. धर्मशिक्षणाच्या वर्गांत मी पाहतों कीं, मुलें हुशार आहेत, इंग्रजी शाळांत चांगले गुण मिळवितात. त्याचा मला आनंदच आहे. परंतु रोझरी म्हणतांना आजी मराठींत आरंभ करिते आणि नातवाला उत्तर देतां येत नाहीं, असें दृश्य आपल्या कित्येक घरांत दिसूं लागलें आहे. प्रार्थनेचें जुनें पुस्तक कपाटांत आहे, पण तें वाचणारे डोळे घरांत एकच जोडी उरले आहेत. यांत कोणास दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. इंग्रजी शिकावीच, स्टीफन्स स्वतः कितीतरी भाषा जाणत होते. मात्र नवी भाषा शिकण्यासाठीं जुनी टाकावी लागत नाहीं, हेंच त्यांच्या चरित्रानें दाखविलें आहे. १६८४ च्या हुकुमाला जी भाषा पुरून उरली, ती आपल्या दुर्लक्षानें आपल्याच घरांत मरूं नये, एवढीच माझी विनंती आहे.

त्यांच्या चरित्रांतून मला तीन गोष्टी घेण्याजोग्या वाटतात. शिकविण्यापूर्वीं शिकावें, त्यांनीं सदतीस वर्षें तिकडे दिलीं. ज्यांची सेवा करावयाची त्यांच्या वाणीचा मान राखावा. माणसाच्या भाषेला हिणविणें म्हणजे त्या माणसाच्या आईला हिणविणें होय. आणि कामाचें फळ देवावर सोंपवून काम मात्र पुरें करावें. ज्या देवनागरी अक्षरांची त्यांनीं वाट पाहिली, तीं त्यांना या जन्मीं दिसलीं नाहींत, म्हणून त्यांनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं.

आज गोव्यांत पर्वरी येथें त्यांच्या नांवाचें कोंकणी केंद्र काम करीत आहे. पण त्यांचें खरें स्मारक निराळें आहे. या महोत्सवी वर्षांत प्रत्येक कुटुंबानें एवढेंच करावें : आठवड्यांतून एक संध्याकाळ ठरवावी, घरांतल्या सर्वांत वडील माणसानें एक जुनी प्रार्थना किंवा गीत मराठींत म्हणावें आणि सर्वांत धाकट्यानें तें मागून म्हणावें; आणि ज्याला लिहितां येत असेल त्यानें तें वहींत उतरून ठेवावें. मंगळुराकडच्या त्या अनामिक हातांनीं याहून वेगळें कांहीं केलें नव्हतें. पुढील जुबिलीच्या दिवशीं आपण पुष्कळजण येथें नसूं. तेव्हां या देवळांत उभीं राहणारीं आपलीं नातवंडें ज्या शब्दांत देवाला हांक मारतील, ते शब्द आज आपल्या ओठांवर आहेत. ते त्यांच्यापर्यंत पोहोंचविणें आपल्या हातीं आहे.

प्रभु येशू आपणां सर्वांस त्यासाठीं कृपा देवो, आणि पवित्र मरिया माता आपल्या घरांचें रक्षण करो. आमेन.

आपला धर्मगुरु